बादलीतलं धुकं

रंगाची २० लिटरची रिकामी बादली, बॅटरीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची मोटर, ठिबकच्या दुकानातले दोन फॉगर आणि एक टायमर. घरच्या एरोपोनिक्सचं बहुतेक सामान तालुक्याच्या गावीही मिळतं आणि जुळवायला एक रविवार पुरतो. कस लागतो तो त्यानंतर. या पद्धतीत रोपाची मुळं हवेत लोंबतात, त्यामुळे माती जी कामं मुकाट करत असते ती सगळी जुळणी करणाऱ्याच्या अंगावर येतात.

त्यातलं पहिलं काम अंधाराचं. बादलीत उजेड झिरपला की ओल्या भिंतींवर शेवाळ धरतं. म्हणून बादलीला बाहेरून आधी काळा रंग द्यायचा आणि तो वाळला की त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. झाकणाला होल सॉने ५० मिलिमीटरची चार भोकं पाडून त्यांत जाळीचे पेले बसवायचे. तळाशी पाच-सहा लिटर द्रावण, नळीच्या तोंडाशी गाळणी आणि मुळांच्या दिशेने तोंड केलेले फॉगर.

पंप निवडताना पहिला मोह होतो तो घरात पडून असलेल्या कूलरच्या पंपाचा. पण तो पाणी जेमतेम दोन मीटर चढवतो, म्हणजे दाब मिळतो ०.२ बारच्या आसपास. फॉगरला तीन-चार बार लागतात. कमी दाबावर धुकं होत नाही, नुसते थेंब गळतात. फवारणी पंपातली डायफ्राम मोटर हा दाब सहज देते. शिवाय ती बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज गेली तरी फवारा थांबत नाही. कुंडीतली माती एखादा दिवस पाण्याविना निभावून नेते. उन्हाळ्याच्या दुपारी फवारा थांबला, तर उघडी मुळं काही तासांतच मान टाकतात.

टायमरचंही तसंच. सॉकेटला लावायच्या चकतीच्या साध्या टायमरवर सर्वांत लहान टप्पा १५ मिनिटांचा असतो. इथे हिशोब सेकंदांचा आहे: साधारण पाच सेकंद फवारा, पाच मिनिटं उसंत. त्यासाठी सायक्लिक टायमर हवा. फॉगरला गळतीरोधक झडपही हवी. ती नसेल तर फवारा थांबल्यावर नळी रिकामी होते आणि पुढचे पाच सेकंद नळी भरण्यातच जातात.

सगळं जमलं की झाकण उचलल्यावर मुळांवर बारीक पांढरी लव दिसते. पाणी आणि अन्न शोषण्याचं मोठं काम ही लवच करते. थेंब जाड पडले, तर मुळं लांबतात, पण लव विरळ राहते.

खताच्या बाबतीत शेतीतला अनुभव थोडा आडवा येतो. द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या वापरातलं १९:१९:१९ पाण्यात छान विरघळतं, पण त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात, बादलीत तेवढे जिवाणू नसतात. कॅल्शियम तर त्या खतात नसतंच. म्हणून दोन बाटल्या ठेवाव्या लागतात. एकीत कॅल्शियम नायट्रेट. दुसरीत मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. दोन्ही दाट द्रावणं थेट एकत्र ओतली, तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि फॉगर तुंबतात. भरपूर पाण्यात आधी एक, ढवळून मग दुसरं, हा क्रम मोडायचा नाही. सामू ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवायचा. मातीइतका तो स्थिर राहत नाही, म्हणून दर दोन दिवसांनी मोजायचा. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, तिथे पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळणं शहाणपणाचं.

सुरुवातीला पुदिन्याच्या काड्या सोप्या. लेट्यूस आणि तुळसही चांगली येते. गाजर-मुळ्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. दोन पिकांच्या मध्ये फॉगर व्हिनेगरमध्ये भिजवायचे आणि नळ्या साध्या पाण्याने धुवायच्या. एवढी उठाठेव करून मिळणारी पुदिन्याची जुडी बाजारात किरकोळ पैशांत येते. पैशांच्या हिशोबात घरची बादली बसत नाही.

हिशोब बसतो तो बटाट्याच्या बियाण्यात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने हेच तंत्र रोगमुक्त बियाण्यासाठी विकसित केलं आहे. ऊतिसंवर्धनातून आलेली रोपं बंद पेटीच्या झाकणावर लावतात आणि छोटे कंद खाली अंधारात हवेतच धरतात. मातीतला बटाटा काढायचा तर झाड उपटावं लागतं. इथे पेटी उघडून हव्या त्या आकाराचे कंद तेवढे खुडतात, झाकण पुन्हा लावतात आणि त्याच रोपावरून पुढची तोडणी घेतात.