वनखर्चाची तुलना : भारत व नेपाळ

दोन देशांच्या वनखर्चाची तुलना करावयाची, तर प्रथम लेखाशीर्षे तपासली पाहिजेत. भारतात वनांचे महसुली शीर्ष २४०६. परंतु अक्राणीच्या डोंगरउतारावर रोजगार हमीतून होणाऱ्या लागवडीचा खर्च ग्रामीण रोजगाराच्या शीर्षात पडतो. नेपाळात गळती निराळी. १९९३ च्या वन कायद्याने मान्य झालेले सामुदायिक वन उपभोक्ता समूह वनोत्पन्न स्वतःच्या कोषात ठेवतात व त्याचा किमान चतुर्थांश वनविकासावर वेचतात. ही रक्कम सरकारी अंदाजपत्रकात येतच नाही. केवळ दरहेक्टरी आकडे मांडल्यास नेपाळ कृपण ठरेल, आणि तो निष्कर्ष आमच्या मते अन्याय्य होय. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये नंदुरबारच्या ग्रामसभाही सामूहिक वनाचे रक्षण करू शकतात. मात्र वणवा विझविण्यास त्यांनी वेचलेले श्रम कोणत्याही शीर्षात नोंदले जात नाहीत, आणि निधिवाटपाच्या वेळी विचारात घेतला जातो तो नोंदलेला खर्चच.