आवाज नेमका कुठे अडला?

विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला, तेव्हापासून घरातल्या धडधाकट पण 'जुन्या' ठरलेल्या लॅपटॉपवर उबंटू, मिंट किंवा फेडोरा यांपैकी एखादे लिनक्स टाकून पाहण्याचा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात घोळतो आहे. टाकल्यावर वायफाय लागते, मराठी टाइप होते, ब्राउझर सुरळीत चालतो. मग गाणे लावावे तर चिडीचूप. सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावाऐवजी 'डमी आउटपुट' एवढेच दिसते.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'पुन्हा इन्स्टॉल कर'. तो ऐकू नका. त्याच मशीनवर तीच आवृत्ती पुन्हा टाकली की तोच बिघाड पुन्हा हजर होतो. इमारतीत पाणी आले नाही तर आपण नळ बदलत नाही, आधी टाकी आणि मग मजल्यावरचा व्हॉल्व्ह पाहतो. इथेही तसेच खालून वर जायचे.

सर्वांत खाली असतो अल्सा, म्हणजे कर्नलमधला साउंड कार्डाशी बोलणारा भाग. यारोस्लाव किसेला यांनी ग्रेव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरमधून तो १९९८ च्या सुमारास उभा राहिला आणि २००३ अखेर आलेल्या २.६ कर्नलमध्ये त्याने जुन्या ओएसएसची जागा घेतली. त्याच्या वर एक सर्व्हर बसतो. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर आणि मीटिंगचे अ‍ॅप एकाच वेळी बोलू लागले की त्यांचे आवाज मिसळून योग्य स्पीकरकडे धाडणे हे त्याचे काम. पूर्वी ते पल्सऑडिओ करायचे. २००७-०८ मध्ये फेडोरा आणि उबंटूने ते घेतले, तेव्हा लोकांनी त्याला भरपूर शिव्या घातल्या. आता ते काम विम टेमन्स यांच्या पाइपवायरकडे आहे: फेडोरात २०२१ पासून, उबंटूत २२.१० पासून. म्हणून नेटवर उपाय सापडला की तो कोणत्या सालचा आहे हे आधी बघा. 'पल्सऑडिओ काढून टाका' हा पंधरा वर्षांपूर्वीचा तोडगा आज चालवला तर बरे चाललेले मशीनही बिघडेल.

आता प्रत्यक्ष तपासणी. टर्मिनल उघडून 'एप्ले -एल' ही कमांड (अर्थात रोमन लिपीत, एल लहान) चालवा. कर्नलला दिसणाऱ्या कार्डांची यादी येते. यादीत काहीच नसेल तर व्हॉल्यूमशी खेळण्यात अर्थ नाही, दोष तळाशीच आहे. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमध्ये आवाजासाठी वेगळा प्रोसेसर असतो आणि त्याला साउंड ओपन फर्मवेअर लागते. ही फाइल नसेल तर कार्ड उठतच नाही. डेबियनवाल्यांना हे जास्त भोवायचे, कारण मुक्त नसलेले फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये ठेवायचे नाही असा त्यांचा दंडक होता. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून तो शिथिल झाला. एकाच मशीनवर विंडोजही असेल तर त्यातले 'फास्ट स्टार्टअप' बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा. अर्धवट झोपलेले कार्ड लिनक्सला कधीकधी दाद देत नाही.

कार्ड दिसते, पण आवाज नाही? मग 'अल्सामिक्सर' चालवा. सुरुवातीला बहुधा 'मास्टर' नावाचा एकच उभा खांब दिसेल आणि बरेच जण इथेच फसतात. तो वरच्या सर्व्हरचा आवाज असतो, कार्डाचा नव्हे. एफ ६ दाबून खरे कार्ड निवडा, की मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम असे खांब उघडतात. खांबाच्या पायाशी 'एमएम' असेल तर ती वाहिनी म्यूट आहे. बाणाच्या कळीने तिच्यावर जाऊन एम दाबा, मग वरच्या बाणाने आवाज चढवा. 'ऑटो-म्यूट मोड' दिसला तर तोही बंद करून पाहा. हेडफोनची पिन काढल्यावरही कार्डाला ती आत असल्याचा भास होत असेल, तर स्पीकर मुके राहतात ते यामुळेच.

इथवर सगळे ठीक असेल तर वरचा मजला. 'पाव्हूकंट्रोल' हे छोटे अ‍ॅप टाका. पाइपवायरवरही ते चालते. त्याच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्डाचे प्रोफाइल असते. लॅपटॉप एकदा टीव्हीला जोडला आणि आवाज गेला, अशी तक्रार असेल तर इथे 'एचडीएमआय' निवडलेले सापडण्याची शक्यता मोठी. 'अ‍ॅनालॉग स्टिरिओ' करा. तरीही सर्व्हर रुसलेलाच असेल तर पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तीन सेवा 'सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट' ने पुन्हा सुरू करा. इथे सुडो लावू नका. या सेवा रूटच्या नसतात, लॉगिन केलेल्या माणसाच्या असतात.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणे छान, पण मीटिंग सुरू होताच आवाज जुन्या फोनसारखा, ही तक्रार लिनक्सच्या माथी मारली जाते. माइक चालू झाला की जुना ब्लूटूथ एटूडीपी हे गाण्यांचे प्रोफाइल सोडून फोनच्या प्रोफाइलवर उतरतो, त्याला कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम फार काही करू शकत नाही. मीटिंगपुरता लॅपटॉपचाच माइक निवडावा. गाणे सुरू होताना 'टक्' असा आवाज येणे मात्र वीजबचतीचे लक्षण आहे. एचडीए ड्रायव्हरचे 'पॉवर सेव्ह' शून्यावर आणले की बहुधा तो थांबतो, बॅटरी किंचित जास्त जाते.

आणि एवढ्याने भागले नाही, तर एक साधा यूएसबी साउंड अडॅप्टर आणा. यूएसबी ऑडिओचे प्रमाण ठरलेले असल्याने त्याला सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. नवा लॅपटॉप घेण्याआधी मात्र लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून स्पीकर, हेडफोन आणि माइक तिन्ही दुकानातच तपासून घ्या.