पिवळ्या बसच्या पोटात

पांढरा रंग लावून दोन-तीन आठवडे होतात, आणि मग गाठी वर येऊ लागतात. छताला पाइनच्या नव्या कोऱ्या फळ्या ठोकलेल्या असतात, त्यावर पांढऱ्याचे दोन हात मारलेले असतात. सगळे कसे दुधासारखे. एका सकाळी बिछान्यावर उताणे पडल्या पडल्या दिसते, की फळीत जिथे जिथे गाठ होती तिथे तिथे रुपयाएवढा पिवळट-तपकिरी डाग उमटला आहे. माणूस डबा उघडून तिसरा हात मारतो. महिन्याभरात डाग पुन्हा हजर.

हे छत घराचे आहे आणि गाडीचेही. अमेरिकेत शाळेच्या जुन्या बसचे घर करून राहणारे लोक आपल्या वाहनाला ‘स्कूली’ म्हणतात. बारा-पंधरा वर्षे मुलांना ने-आण केल्यावर शाळांचे प्रशासन या बस लिलावात काढते. इंजिनात अजून पुष्कळ जीव शिल्लक असतो. घेणारा ती अंगणात आणून उभी करतो, बाके उपटून काढतो आणि पुढचे सहा महिने, कधी कधी दोन वर्षे, आत घालवतो. सर्वांत मोठी बस चाळीस फूट लांब. आतली रुंदी मात्र जेमतेम साडेसात फूट, आणि उंची मध्यभागी सहा ते साडेसहा फूट. मुंबईच्या चाळीतली खोली यापेक्षा रुंद असते. अशा जागेत भिंत कायम डोळ्यांपासून हातभर अंतरावर राहते, त्यामुळे ब्रशचा प्रत्येक ओघळ रोज दिसतो.

या बसच्या रंगाची गोष्ट खरे तर बाहेरून सुरू होते. १९३७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधले प्राध्यापक फ्रँक सायर यांनी देशभरातल्या शाळांच्या वाहतुकीची पाहणी केली. कुठे ट्रक, कुठे वेगवेगळ्या रंगांच्या बस, तर कुठे गव्हाच्या गाड्यांतून मुले जात होती. काही ठिकाणी तर मुलांच्या मनात देशप्रेम रुजावे म्हणून बस लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवल्या होत्या. एप्रिल १९३९ मध्ये सायर यांनी न्यूयॉर्कमध्ये शिक्षणाधिकारी, बस बांधणारे आणि रंग बनवणाऱ्या कंपन्यांचे तज्ज्ञ यांना एकत्र बसवले. लिंबोणीच्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतच्या पट्ट्या भिंतीवर लावल्या गेल्या. सात दिवसांत ४४ मानके ठरली. त्यांतलेच एक म्हणजे हा पिवळा. पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात त्यावरची काळी अक्षरे चटकन वाचता येतात, हे त्यामागचे कारण. बसचे घर झाले, की पहिली गदा याच पिवळ्यावर येते. शाळेच्या बसला मागच्या-पुढच्या गाड्या थांबून राहतात, तो मान घराला देता येत नाही. म्हणून अनेक राज्यांत बसचा रंग बदलावा लागतो, ‘स्कूल बस’ ही अक्षरे पुसावी लागतात आणि लाल दिवे बंद करावे लागतात.

योगायोग असा, की या सगळ्या जमातीची आद्य बस त्याच १९३९ सालची. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची ही जुनी शाळेची बस कादंबरीकार केन केसी आणि त्यांच्या ‘मेरी प्रँक्स्टर्स’ टोळीने १९६४ साली घेतली. आधीच्या मालकाने आत झोपायचे बाक आणि सिंक बसवून ठेवलेच होते. टोळीने मग मिळेल त्या झगझगीत रंगांनी ती आतबाहेर रंगवून काढली, कपाळावर चुकीच्या स्पेलिंगने ‘फर्दर’ लिहिले आणि कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कचा जागतिक मेळा गाठला. टॉम वूल्फ यांच्या १९६८ च्या पुस्तकाने त्या प्रवासाला घराघरांत नेले. आज नव्या स्कूलींची आतली छायाचित्रे पाहिली, तर हा वारसा ओळखूही येत नाही. बंडखोरांची नातवंडे पांढऱ्या, राखी आणि ओल्या मातीच्या रंगांत रमली आहेत. लहान जागा पांढऱ्याने मोठी वाटते हे खरेच. पण एकामागून एक शंभर बस सारख्याच पांढऱ्या दिसल्या, की केसींच्या त्या बेताल डब्यांची आठवण येते.

तर काम सुरू होते ते काढण्यापासून. छताचे पत्रे शेकडो स्क्रू आणि रिबिटांनी जडवलेले असतात, आणि त्याला कारण आहे. १९७७ पासून अमेरिकेत शाळेच्या बसचे छत बसच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार पेलले पाहिजे असा नियम आहे. गाडी उलटली तरी आतली मुले चिरडू नयेत. म्हणून दर थोड्या अंतरावर पोलादी बरगड्या आणि त्यांवर घट्ट बसवलेला पत्रा. हे सगळे सोडवताना दोन-चार दिवस मान वर आणि दंड भरून येतात. पत्र्यामागे काचेच्या तंतूंची जुनी लादी निघते, बऱ्याचदा ओली. जमिनीवरचे रबर आणि त्याखालचे प्लायवूड उचलले, की मग खरा चेहरा दिसतो: गंज. मुलांच्या बुटांतून आलेले बर्फाचे पाणी वर्षानुवर्षे प्लायवूडखाली मुरलेले असते.

गंज घासायचा, त्यावर त्याला निष्क्रिय करणारे फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावायचे, मग गंजरोधक रंग. बाकांचे बोल्ट निघाल्यावर जमिनीला डझनावारी भोके उरतात. ती बुजवायला या मंडळींनी एक मजेशीर रिवाज पाडला आहे: भोकाच्या कडेला सीलंटचे वेटोळे घालायचे आणि वर एक सेंटचे नाणे दाबून बसवायचे. १९.०५ मिलिमीटर व्यासाचे ते नाणे बोल्टच्या भोकावर झाकणासारखे बसते. १९८२ नंतरची ही नाणी मुळात जस्ताची, वर तांब्याचा नुसता मुलामा. नंतर ती रंगाखाली आणि लाद्यांखाली जातात. काही जण त्यांत आपल्या किंवा मुलांच्या जन्मवर्षाचे नाणे मुद्दाम टाकतात.

एवढे झाल्यावरही ब्रशला हात लावायचा नाही, कारण पत्र्याला घाम येतो. थंडीच्या रात्री दोन माणसे आत झोपली, चहाला आधण ठेवले, की हवेतली वाफ गार पत्र्यावर आणि त्याहून गार बरगड्यांवर पाणी होऊन बसते. बरगडी उघडी राहिली, तर तिच्यावरची फळी आधी फुगते, मग तिच्यावरचा रंग. म्हणून बरेच जण बरगड्यांसकट सगळे झाकून टाकणारा, बंद पेशींचा फोम फवारतात. फवारताना त्यातली आयसोसायनेटे फुप्फुसाला घातक, त्यामुळे हवा पुरवणारा मुखवटा लागतो. फोम बसला की करवतीसारख्या पात्याने तो बरगड्यांच्या पातळीला कापायचा. या टप्प्याला बस आतून एखाद्या प्राण्याच्या पोटासारखी दिसते: पिवळट, गोळ्यागोळ्यांची.

सगळेच लाकूड लावत नाहीत. काही जण मूळ पत्रेच परत चढवून रंगवतात. त्यात पैसे वाचतात आणि वजनही. पण इथे एक खोडा आहे, आणि रंगाऱ्यांनाही तो फसवतो. बसचे पत्रे बहुधा जस्ताचा थर दिलेले असतात. अशा उघड्या जस्तावर थेट तेलाचा एनॅमल रंग लावला, तर तेलातली आम्ले जस्ताशी मिळून रंगाखाली चक्क साबण तयार करतात. धातूचा, पाण्यात न विरघळणारा, पण साबणच. वर्षभराने रंग नखाने सोलला तरी संपूर्ण पापुद्रा हाती येतो, आणि दोष बिचाऱ्या दुकानदाराला लागतो. पत्रा आधी चिकटपणा काढून स्वच्छ धुवायचा, पॉलिश पेपरने खरवडायचा आणि जस्तावर चालणारे अस्तर लावायचे. एवढाच उपाय, पण घाई झालेल्या माणसाला तोच नकोसा असतो.

लाकडाचे छत करायचे, तर फळ्या आडव्या नव्हे, बसच्या लांबीने लावतात. छताला रुंदीच्या अंगाने कमान असते. लांब फळी सरळच राहते आणि शेजारच्या फळीला किंचित कोन करून बसते. फळीच्या एका कडेला जीभ, दुसरीला खाच. ठोकण्याआधी सगळ्या फळ्या अंगणात लाकडी घोड्यांवर मांडून, जिभेसकट दोन्ही बाजूंनी रंगवून घ्याव्यात. नंतर रंगवणाऱ्याची गंमत पहिल्या हिवाळ्यात कळते. लाकूड आक्रसते, जीभ खाचेतून चिमूटभर बाहेर येते आणि पांढऱ्या छतावर कोऱ्या लाकडाच्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात.

आणि आता त्या गाठी. गाठीत राळ आणि रंगीत द्रव्ये साठलेली असतात. पाण्यावरचा रंग लावला, की ती ओलाव्याबरोबर वर येतात. वर आणखी कितीही रंग घाला, त्यालाही ती पार करतात. त्यांना अडवणारा एक जुना पदार्थ आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे: लाख.

पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच घालतात. ते खरवडून निघते ती कांडी लाख. धुऊन तिचे दाणे होतात. दाणे वितळवून पातळ पापुद्रे ओढले, की चपडा. झारखंड, छत्तीसगड आणि विदर्भाच्या पूर्व टोकाच्या जंगलांत हे उत्पादन आजही घेतले जाते, आणि जगाला लाख पुरवणाऱ्यांत भारत आघाडीवर आहे. आपल्याकडचा सुतार चपडा स्पिरिटमध्ये भिजवून, कापसाच्या पुरचुंडीने टेबलाला पॉलिश चढवायचा. त्याच्या दुकानातला तो गोडसर झणका ज्याला माहीत आहे, त्याला स्कूलीतला हा टप्पा डोळे मिटूनही ओळखता येईल. जर्मनीहून आलेल्या विल्यम झिन्सर यांनी १८४९ मध्ये न्यूयॉर्कला लाखेचा धंदा काढला. त्याच नावाने मिळणाऱ्या एका पांढऱ्या अस्तरात आजही लाख आणि अल्कोहोल हेच मुख्य घटक. गाठीवर त्याचा एक हात, वाळल्यावर दुसरा. ते पाऊण तासात वाळते. राळ अल्कोहोलमध्ये विरघळत असली, तरी अस्तर इतक्या झपाट्याने वाळते, की तिला वर यायला उसंत मिळत नाही. एकदा वाळले, की वरच्या पाण्याच्या रंगाला खालचे काही लागत नाही. अमेरिकी पाइनचा डाग पळसावरच्या किड्याने झाकावा, ही गोष्ट त्या अंगणातल्या बहुतेकांना ठाऊकही नसते.

घराच्या भिंतीतले सांधे आपण लांबी भरून, घासून, विसरून जातो. बसमध्ये ही चैन नाही. ती दर मैलाला पिळवटते. खड्ड्यात डावे चाक गेले, की सगळी पेटी तिरपी होते. कडक लांबी भरलेला सांधा पहिल्याच प्रवासात तडकतो. म्हणून सांध्यात लवचीक भरण भरतात. मात्र सिलिकॉनचे भरले तर त्यावर कोणताही रंग टिकत नाही, तो मण्यांसारखा गोळा होतो. वर रंग बसेल असे ॲक्रिलिकचे किंवा पॉलियुरेथेनचे घ्यावे, हे लोक एकदा सिलिकॉन खरवडून काढल्यावरच शिकतात. खरवडूनही त्याचा तेलकटपणा उरतो. सिंकच्या मागे, न रंगवायच्या जागी, सिलिकॉनला जरूर जागा आहे.

कपाटे बसवताना वेगळीच तारांबळ. अंगणातल्या उतारावर उभ्या बसमध्ये लेव्हल ठेवून उपयोग नाही. पाण्याचा बुडबुडा अंगणाचा उतार सांगतो, बसचा नाही. सगळी मापे बसच्याच जमिनीवरून आणि खिडकीच्या पट्टीवरून घ्यायची. कपाटाची मागची कड भिंतीच्या वळणाला जुळावी म्हणून जुन्या खोक्याचा पुठ्ठा धरून, पेन्सिल भिंतीला टेकवत रेघ ओढतात, कात्रीने कापतात, पुन्हा धरतात. चौथ्या-पाचव्या पुठ्ठ्याला जमते. कपाटाच्या दारांना चकचकीतऐवजी साटीनसारखा मंद तुकतुकीत रंग बरा. डिझेलच्या आणि चुलीच्या काजळीचे हाताचे डाग पुसले जातात, आणि रस्त्यावरच्या खिडक्यांतून सरकणारे ऊन डोळ्यांवर उसळत नाही. लाकडाचा मूळ रंग हवा असेल, तर पाण्यावरचे पॉलियुरेथेन पाण्यासारखे राहते, तेलावरचे काही वर्षांत मधासारखे पिवळे होते. काहींना तेच आवडते.

वास आणि आग यांना कोणी हसण्यावारी नेऊ नये. जुन्या पिवळ्या रंगात लेड क्रोमेट असे, म्हणून तो कोरडा घासला की शिशाची धूळ नाकात जाते. जवसाचे तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर तेल हवेशी संयोग पावताना तापते आणि फडकी आपोआप पेट घेतात. ती पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या बंद डब्यात टाकायची. रंग हाताला वाळला, तरी आतून पक्का व्हायला काही रंगांना महिना लागतो. तोवर दारे-खिडक्या उघड्या, आणि झोप बाहेर.

आपल्याकडे हा छंद फोफावला नाही, त्याला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेही कारण असावे. मूळ रचनेत बदल करायचा तर परवानगी लागते. पण जुनी बस आतून बदलण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. २०१६ पासून ‘ती’ या नावाने जुन्या बसगाड्यांत बायकांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. तिथे प्रश्न पत्र्याच्या घामापुरता नव्हता. पाणी आतच होते, रोज.

स्कूलीत शेवटी ड्रायव्हरची जागा उरते. बहुतेक जण ती तशीच ठेवतात: काळे स्टिअरिंग, दार उघडण्याचा लांब दांडा, आणि किती मुले बसवायची तो आकडा लिहिलेली वरची पट्टी. मास्किंग टेपची कड तिथे येऊन थांबते. मग पहिली लांब फेरी. परत आल्यावर बसमालक टॉर्च घेऊन चढतो आणि दाराच्या वरचा कोपरा, मागच्या चाकावरची कमान, खिडक्यांखालचा जोड तपासत जातो. बिछान्याखाली उरलेल्या रंगाचा अर्धा डबा ठेवलेला असतो. झाकणावर रंगाचा क्रमांक आणि बोटाने ओढलेला एक पांढरा पट्टा.