हिशेबाचा संगणक : विंडोज, लिनक्स की मॅक?

अंजूर, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यातली गोदामे असोत की भिवंडीतल्या ग्रे कापडाच्या पेढ्या, व्यापारी बांधवांपुढे सवाल एकच आहे : जुना संगणक भंगारात द्यायचा काय? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. २०१७ पूर्वी घेतलेली यंत्रे त्यात बसत नाहीत. धंद्याच्या यंत्रांसाठी विकतची दुरुस्ती मिळते. पण पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरसाल दुप्पट, आणि तीही तीनच वर्षे.

तरुण मुले म्हणतात, लिनक्स टाका, फुकट आहे. ऐपतदार म्हणतात, मॅक घ्या, वर्षानुवर्षे चालतो. दोघांची नजर यंत्रावर. व्यापाऱ्याने आधी आपल्या मुनीमला विचारावे, कारण काम त्यालाच करायचे आहे.

ताक्यांचा साठा, सुताची उधारी, सायझिंगवाल्याचे देणे, दलालाची दलाली हे सारे आपल्याकडे बहुधा टॅलीत असते. १९८६ पासून चालत आलेला हा कारभार विंडोजवरचा आहे. लिनक्सवर ‘वाइन’च्या आधाराने टॅली चालवून दाखवणारे भेटतात. पण मार्चअखेरीला ती अडली, तर तो माणूस फोन उचलेल काय? मॅकचेही तेच. महागडे यंत्र घ्यायचे आणि त्याच्या पोटात पुन्हा विंडोज बसवायचे, हा सौदा मला तरी पटत नाही. (उर्दूत लेटरहेड, पत्रके काढणाऱ्यांचे इनपेजही १९९४ पासून विंडोजवर चालत आले आहे.)

म्हणून हिशेबाचे एक यंत्र नवे, परवान्याच्या विंडोजचे असावे. ‘क्रॅक’ घालून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक कुलूपबंद केले, ब्रिटनची सरकारी इस्पितळेही सुटली नाहीत. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने खाती जपावी लागतात. खातीच कुलपात गेली तर अधिकाऱ्यापुढे काय ठेवणार?

मग लिनक्स कशाला? गोदामाच्या फाटकावरच्या यंत्राला. तिथला कारकून ई-वे बिल काढतो, ईमेल पाहतो, मालाची यादी करतो. पोर्टल ब्राउझरमध्ये उघडते, एक्सेलची साधी यादी लिब्रेऑफिसमध्ये उघडते. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर हलके लिनक्स बरे चालते, आणि परवान्याला पैसा पडत नाही. अशी तीन-चार यंत्रे असली तर बचत लहान नाही.

मात्र दोन गोष्टी आधी करून पाहाव्यात. कार्बन लावून चलान छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडून एक पूर्ण चलान छापावे. रकाने सरकतात, ते जुळवायला वेळ लागतो. दुसरे डिजिटल सहीचे. एकट्या मालकाची पेढी ओटीपीवर विवरण भरू शकते, पण कंपनी आणि एलएलपीला डिजिटल सही लागते. सहीचा टोकन हिशेबाच्या विंडोज यंत्रालाच ठेवावा.

आणि कोणतेही यंत्र बदलण्याआधी टॅलीचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घ्यावा. एक पेढीवर, दुसरा घरी.