आंबेनळी घाटातला लाल पट्टा

पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेली एस.टी. आंबेनळी घाटात वळणे घेऊ लागली, की रस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या कातळात मधूनच विटकरी पट्टे दिसू लागतात. काही वीतभर, काही हातभर जाडीचे. एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन इथे उतरलो, की पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, असा माझा नियम असे. नुसता हात फिरवायचा. वरचा कातळ गार आणि टणक. लाल पट्ट्यावर बोट घासले तर कुंकवासारखी पूड लागते. त्याखालचा खडक भोकाभोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक. तीन स्पर्शांत सगळी हकिगत येते: खाली लाव्हाचा एक प्रवाह थिजला, त्यातला वायू वर चढताना अडकून भोके पडली, मग मोठी उसंत मिळाली, पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली, आणि एके दिवशी पुढचा प्रवाह त्या मातीवरून वाहत गेला.

असे प्रवाह एकावर एक साचून झालेले दख्खनचे पठार आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरले आहे. भूविज्ञानात त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. पायऱ्या कोणालाही दिसतात. अडचण अशी, की एका डोंगरातली कोणती पायरी दुसऱ्या डोंगरातल्या कोणत्या पायरीशी जुळते, हे डोळ्यांना कळत नाही, भिंगालाही नाही. सगळा बेसॉल्ट सारखाच काळा. १९८०च्या दशकात मुंबई आयआयटीचे के. व्ही. सुब्बाराव आणि कीथ कॉक्स, पीटर हूपर यांच्यासारखे परदेशी अभ्यासक घाटामागून घाट चढले, प्रत्येक प्रवाहाचा नमुना घेतला आणि टायटॅनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम अशा मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून खडकांची कुळे लावली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एस.टी.च्या पाटीवरची ही नावे आता जगभरच्या प्रबंधांत वाचायला मिळतात. बुशेच्या लाव्हाने वर येताना जुन्या कवचाचा बराच अंश पोटात घेतला, आंबेनळीचा त्या मानाने निर्मळ राहिला, हे रसायनातूनच उमगले. आणि सगळे थर दक्षिणेकडे अगदी किंचित कललेले असल्यामुळे तळाची पाने वाचायची तर इगतपुरीला जावे लागते, वरची वाचायला महाबळेश्वरला. हे पुस्तक एका जागी बसून वाचता येत नाही.

मग प्रश्न येतो घड्याळाचा. दख्खनचे उद्रेक आणि डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ, दोन्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. मेक्सिकोतल्या चिक्शुलूबला अशनी आदळला तोही तेव्हाच. आधी काय घडले? अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी आर्गॉन पद्धतीने थरांची वये काढून हा प्रश्न १९९३ साली नेमकेपणाने मांडला होता. पुढे प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने वेगळी वाट धरली, आणि ती थेट आपल्या लाल पट्ट्यातून जाते. युरेनियमचे शिसे होते, त्यावरून वय काढायला झिरकॉनचे कण लागतात. बेसॉल्टमध्ये झिरकॉन सहसा सापडत नाही. पण दोन प्रवाहांमधल्या उसंतीत दुसऱ्या जातीच्या उद्रेकांची राख उडून मातीवर पडली होती, आणि तिच्यात झिरकॉन होता. म्हणून पोत्यात माती भरायची, धुवायची, जड कण वेगळे करायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण चिमट्याने वेचायचा. केसाच्या जाडीएवढा एकेक कण. तांदूळ निवडणाऱ्या बाईची चिकाटी ज्याच्यापाशी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये, असे मी मुलांना अगदी मनापासून सांगत आलो.

फेब्रुवारी २०१९च्या 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन यांचे म्हणणे, लाव्हा चार मोठ्या लोंढ्यांत आला आणि पोलादपूर थरांचा लोंढा अशनी आदळण्याच्या काही दहा हजार वर्षे आधीच सुरू झाला होता. कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनवरून काढले, की लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग डायनोसॉर नाहीसे झाले त्या सीमेनंतर बाहेर पडला. घाट तेच, खडक तेच. पदवीपर्यंत विद्यार्थ्याला उत्तरे मिळतात. इथून पुढे त्याला असा वाद मिळतो, आणि मला हाच उच्च शिक्षणाचा खरा आरंभ वाटतो. यंत्र कितीही बारीक मोजो, कोणता प्रवाह किती दूरवर पसरला आणि कुठल्या घाटात कुठे गेला, हे पायांनीच ठरवावे लागते. त्यावर लाव्हाच्या आकारमानाचे सगळे हिशेब उभे असतात.

म्हणून फील्डचे दिवस कमी झालेले पाहिले की मला वाईट वाटते. पुणे, नागपूर आणि गोवा विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो. मुंबई आयआयटीत आर्गॉन कालमापनाची राष्ट्रीय सुविधा आहे, दिल्लीत आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात कालमापनाची मोठी यंत्रणा उभी राहिली आहे. नमुने समुद्रापार पाठवून निकालाची वाट पाहण्याची लाचारी कमी होते आहे, ही मोठीच गोष्ट. पण 'नेट' आणि 'गेट'च्या तयारीत दोन वर्षे घालवून हातोडी न उचललेला विद्यार्थी त्या यंत्रात घालणार काय?

घाटात उघडे पडले तेवढेच दिसते; जमिनीच्या पोटात उतरायचे तर कोयनेकडे पाहावे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा भूकंप अजून तिथल्या घराघरांत सांगितला जातो. धरणाच्या जलाशयामुळे चेतलेले भूकंप अभ्यासायला जगात यासारखी जागा नाही. तिथल्याच गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा १२४७ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला. किल्लारीच्या विवरात मात्र ३३८ मीटर बेसॉल्टखाली ८ मीटर गाळाचा थर निघाला होता. लाव्हा येण्याआधी इथली जमीन कशी होती, याची दोन वेगळी उत्तरे.

आंबेनळी घाटातल्या त्या वळणावर ऑक्टोबरात गेलो, तर लाल पट्ट्याच्या बरोब्बर वर ओलसर रेघ दिसायची. पट्टा पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या खडकातल्या फटींतून आलेले पाणी तिथूनच पाझरते. कोणीतरी तिथे बांबूचा फाटा खोचून ठेवला होता आणि खाली दगड रचून हंड्यापुरती जागा केली होती. एका मुलीने वहीत थराची जाडी, कल, रंग सगळे लिहिले आणि शेवटी त्या बांबूचेही चित्र काढले. तिचा प्रबंध पुढे सह्याद्रीतल्या झऱ्यांवर झाला.