किंग्स्टनची शेवटची रात्र

२४ मे २०१६ रोजी एका बातमीने कॅनडा हादरला. ‘द ट्रॅजिकली हिप’ या रॉक बँडचा गायक आणि गीतकार गॉर्ड डाउनी याला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा बरा न होणारा कर्करोग झाला होता. त्याच निवेदनात बँडने दौराही जाहीर केला. रॉकच्या जगात ‘शेवटचा दौरा’ करून दोन-चार वर्षांनी परतणारे पुष्कळ आहेत. इथे मात्र गाणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, दोघांनाही ठाऊक होतं की पुन्हा गाठ पडायची नाही.

हा बँड १९८४ मध्ये ओंटारिओतल्या किंग्स्टन गावात सुरू झाला आणि १९८६ पासून अखेरपर्यंत त्यात तेच पाच जण राहिले. शेजारच्या अमेरिकेत त्यांचा फारसा जम बसला नाही. मला वाटतं, त्यांच्यावरच्या प्रेमाचं मूळ इथेच सापडतं, कारण डाउनी आपल्या लोकांच्या गोष्टी आपल्या लोकांना सांगत होता. बिल बारिल्को या आइस हॉकीपटूने १९५१ मध्ये टोरंटोला स्टॅन्ली कप जिंकून देणारा गोल केला. त्याच उन्हाळ्यात तो मासेमारीला गेला आणि परतताना विमानासकट नाहीसा झाला. अवशेष सापडले थेट १९६२ मध्ये. डाउनीने त्याच्यावर गाणं केलं. न केलेल्या खुनासाठी सुमारे २३ वर्षं तुरुंगात काढलेल्या डेव्हिड मिलगार्डवरही केलं. बॉबकेजन हे ओंटारिओतलं तळ्याकाठचं छोटं गाव तर गाण्यामुळेच देशभर पोचलं. आपलं गाव, आपली हॉकी, आपल्या न्यायालयांची चूक असं सगळं रॉकमध्ये येऊ शकतं, हे तिथल्या दोन पिढ्यांना या पाच जणांकडून कळलं.

दौऱ्याची तिकिटं निघताच संपली. संगणकीय ‘बॉट्स’नी ती घाऊक उचलली आणि पुनर्विक्रीत भाव अवाच्या सवा चढले. चाहते इतके संतापले की विषय ओंटारिओच्या विधिमंडळापर्यंत गेला, आणि २०१७ मध्ये तिथे बॉट्सवर बंदी घालणारा कायदा झाला.

२२ जुलैला व्हिक्टोरियात दौरा सुरू झाला. शस्त्रक्रिया आणि उपचारांनंतर डाउनीची स्मृती अधू झाली होती. स्वतःच लिहिलेले शब्द त्याला समोरच्या पडद्यांवर वाचावे लागत. तरी चमचमते सूट आणि पिसं खोवलेली हॅट घालून तो मंचावर येई, आणि लोक उठून उभे राहत.

२० ऑगस्टला समारोप किंग्स्टनमध्येच होता. सभागृह सहा-सात हजारांचं. बाहेर स्प्रिंगर मार्केट चौकात मोठ्या पडद्यासमोर हजारोंची दाटी. सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने ऐन रिओ ऑलिंपिकच्या दिवसांत हा कार्यक्रम जाहिरातींशिवाय थेट दाखवला. गावोगावच्या मैदानांत, बारमध्ये आणि तंबूंच्या छावण्यांत पडदे लागले. सीबीसीच्या हिशेबाने १ कोटी १७ लाख लोकांनी कार्यक्रमाचा काही ना काही भाग पाहिला, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश देशाने.

सुरू होण्याआधी प्रेक्षकांनी आपणहून राष्ट्रगीत धरलं. मग ३० गाणी झाली. ‘ग्रेस, टू’ गाताना डाउनी ओरडला, रडला. सभागृहातले आणि चौकातले लोकही त्याच्याबरोबर रडले आणि पुढच्याच गाण्याला घसा फोडून गायले. त्या गर्दीने शोक आणि उत्सव वेगळे ठेवलेच नाहीत. मरणाऱ्या माणसाला त्याच्या देखत ‘तू आमचा आहेस’ असं सांगण्याची संधी फार थोड्यांना मिळते. ती कॅनडाने घेतली, याचं मला अतोनात मोल वाटतं.

आणि हे सगळं प्रेम एकवटलं असताना डाउनीने ते स्वतःसाठी ठेवलं नाही. प्रेक्षकांत पंतप्रधान जस्टिन ट्रुडो होते. त्यांचं नाव घेऊन त्याने उत्तरेतल्या आदिवासींचा प्रश्न काढला: या लोकांकडे बघू नका, असंच देशाला आयुष्यभर शिकवलं गेलं, आता हे तुम्ही बदलाल. निरोपाच्या रात्री चाहत्यांना असं काही ऐकवणं सोपं नव्हतं. त्यांनी टाळ्यांचा गजर केला.

दोनच महिन्यांनी त्याचा ‘सीक्रेट पाथ’ हा अल्बम आला, १२ वर्षांच्या चेनी वेनजॅकवरचा. हा ओजिब्वे मुलगा १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ओंटारिओतल्या केनोराजवळच्या, आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेतून पळाला. घर सुमारे ६०० किलोमीटरवर होतं. रेल्वे रुळांच्या कडेने चालताना थंडीने त्याचा जीव गेला. डाउनी आणि वेनजॅक कुटुंबांनी मिळून काढलेला निधी आजही शाळाशाळांतून अशा निवासी शाळांचा इतिहास शिकवण्याचं काम करतो.

१७ ऑक्टोबर २०१७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी डाउनी गेला. दुसऱ्या दिवशी पत्रकारांशी बोलताना ट्रुडोंना अश्रू आवरले नाहीत. चाहते त्याच्या नावाने मेंदूच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी टोरंटोच्या सनीब्रुक रुग्णालयाला पैसे देत राहिले.