हवेचा हिशेब – ६ : पीयूसीच्या कागदावर नसलेला वायू

मागच्या आठवड्यात आपण धुराबद्दल बोललो. धूर निदान दिसतो तरी. आजचा पाहुणा नायट्रिक ऑक्साइड. त्याला ना रंग, ना रूप.

हा वायू येतो कुठून? कोळशात थोडा नायट्रोजन असतो हे खरं, पण गाडीच्या बाबतीत पेट्रोल-डिझेलला दोष देऊन भागत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन जन्मभर शेजारी राहूनही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. इंजिनात तापमान दीड हजार अंशांच्या पुढे गेलं की मात्र त्यांची गाठ पडते. वीज कडाडते तेव्हाही हेच होतं. बाहेर पडलेला हा वायू हवेत तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. आपल्या २००९च्या मानकांत मर्यादा आहे ती या दुसऱ्या रूपाला: वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम.

खरी पंचाईत पुढेच आहे. इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. चांगलं, कडक जळलं की नायट्रिक ऑक्साइड. कॅलिफोर्नियाने हे अनुभवलं. अननसाच्या वासाचं रसायन शोधणाऱ्या हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिलं होतं, की लॉस एंजेलिसचं डोळे झोंबवणारं धुरकं गाड्यांच्या वायूंवर ऊन पडून तयार होतं. मग १९६६च्या मॉडेलपासून तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनवर मर्यादा आली. कंपन्यांनी इंजिनं सुधारली, दोन्ही आकडे उतरले आणि नायट्रिक ऑक्साइड वाढला! त्याच्यावरचा नियम १९७१मध्ये आला. तिन्ही वायूंना एकदम आवरणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व्होल्वोने १९७७च्या गाडीत बसवला.

आता आपल्याकडे या. पेट्रोलपंपाशेजारच्या व्हॅनमधला पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी खुपसतो. पेट्रोल गाडी असेल तर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन. डिझेल असेल तर धुराची दाटी. नायट्रिक ऑक्साइडचा रकानाच नाही. त्यात पीयूसीवाल्याची चूक नाही म्हणा. उभ्या गाडीत हा वायू फारसा होतच नाही. तो होतो घाट चढताना, इंजिनावर भार आल्यावर. तरीही त्या कागदाला ‘प्रदूषण नियंत्रणात’ म्हणणं मला जरा जास्तच वाटतं.

आपल्याकडे खरा लगाम कारखान्यातच घातला जातो. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे उत्सर्जन मानक आलं आणि डिझेल कारसाठी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८०वर उतरली. ट्रकना वेगळी युरियाची टाकी लागली. युरियातून निघणारा अमोनिया या वायूचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. टाकी रिकामी ठेवली तर इंजिनची ताकद आपोआप उतरते. चढावर ट्रक दमला की ड्रायव्हर मुकाट्याने युरिया भरतो; तिथे पावती दाखवून सुटका नाही.

वीजकेंद्रांच्या चिमण्यांना मात्र असा चाप बसलेला नाही. डिसेंबर २०१५च्या अधिसूचनेत २००४ ते २०१६मधल्या संचांना घनमीटरला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती. पुढे ती ४५० झाली. ती कशी, ते पुढच्या आठवड्यात.